टांगत्या कुंडीची कडी

बागेचा विचार मनांत आला म्हणजे आपली दृष्टि बहुधा जमिनीकडे जाते. वाफे, आळीं, खत, पाणी हे सारे विषय जमिनीचे. परंतु शहरांत पुष्कळांच्या घरासभोंवतीं जमीन अशी उरलीच नाहीं. म्हणून झाडें ओसरीच्या छपराखालीं, भिंतीवर, खिडकीपुढें, किंवा मोठ्या झाडाच्या फांदीवर टांगण्याची चाल वाढली आहे. ही चाल चांगली आहे. मात्र नांवावरून कोणाची फसगत होऊं नये. मुंबईस मलबार टेकडीवर १८८१ च्या सुमारास जी बाग तयार झाली तिला लोक हँगिंग गार्डन म्हणतात, पण तेथें टांगलेलें असें कांहीं नाहीं; खालीं पाण्याचे मोठे हौद असून त्यांच्या छतावर माती पसरून ती बाग केलेली आहे. आपला आजचा पाठ खरोखर टांगलेल्या झाडांचा आहे, आणि त्यांतही झाडापेक्षां तें ज्याला टांगलेलें असतें त्या कडीचा आहे.

हा विषय कोणास क्षुल्लक वाटेल. बाजारांतून हूक आणला, ठोकला, कुंडी अडकवली कीं काम संपलें, असा पुष्कळांचा समज असतो. जमिनीवरची कुंडी कलंडली तर थोडी माती सांडते. डोक्यावरची कुंडी सुटली तर खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेततें, आणि ओसरींतून सतत जाणारें येणारें असतें तें घरांतील लहान मूल. दुकानदार आपणांस हूक किती जाड आहे तें दाखवितो. वस्तुतः हूक क्वचितच मोडतो. सुटतें, उपटतें, ढांसळतें तें हुकाचें बूड, म्हणजे ज्यांत तो बसविला ती जागा. याकरितां हूक विकत घेण्यापूर्वीं दोन प्रश्न स्वतःस विचारावे: वजन किती आहे, आणि तें कोण धरणार आहे?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर गणिताच्या तासाला काढतां येतें. अर्धगोल आकाराची तारेची टोपली घ्या. तिचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या १५. त्रिज्येचा घन ३३७५. त्याला २२/७ नें आणि मग २/३ नें गुणिलें म्हणजे सुमारें ७००० घन सेंटिमीटर, अर्थात् ७ लिटर माती तींत मावते. बागेची साधी माती पाणी पिऊन तृप्त झाली म्हणजे लिटरास दीड किलोहून अधिक भरते. टोपली, सांखळी आणि झाड धरून हें ओझें बारा-तेरा किलो होतें. आतां टोपली थोडीच मोठी घेतली, व्यास ४० सेंटिमीटर, तर काय होईल? व्यास एक तृतीयांशानें वाढला, पण घनफळ ४/३ च्या घनानें, म्हणजे जवळजवळ २.३७ पट वाढतें. ओझें तीस किलोच्या घरांत जातें. सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून जड अशी ही वस्तु आपण एका वाकड्या तारेवर डोक्यावर लटकवीत असतों! बाजारांत दोन्ही टोपल्या शेजारीं ठेविल्या असतां डोळ्यांस हा फरक मुळींच जाणवत नाहीं.

यांत लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, वजन नेहमीं भिजलेल्या कुंडीचें धरावें. आपण कुंडी टांगतों ती बहुधा कोरडी असते, आणि हातांत हलकी लागते. मग पावसाळा येतो, आठ-आठ दिवस झड लागते, मातीच्या कुंडीचें अंगही पाणी पितें, वेल वाढून त्याच्या पानांवर पाणी साचतें, आणि जानेवारींत सहज तोललेलें ओझें जुलैंत कडीला पेलेनासें होतें. शाळेच्या प्रयोगशाळेंत ताणकाटा असतोच. त्यावर कुंडी आधीं कोरडी व मग पाणी गळावयाचें थांबेपर्यंत भिजवून टांगावी, आणि दोन्ही आंकडे वहींत लिहावे. वजन कमी करावयाचें असेल तर साध्या मातीऐवजीं कुजलेला पालापाचोळा व नारळाच्या काथ्याचा भुसा यांचें मिश्रण भरावें. तें भिजल्यावरही लिटरास साधारण एक किलोच भरतें.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं आपल्या जुन्या घरांकडे पाहूं. टांगण्याची विद्या आपणांस नवी नाहीं. दूधदुभतें मांजरापासून राखण्यासाठीं शिंकें असे, तान्ह्या मुलाकरितां पाळणा असे, आणि ओसरीवर किंवा माजघरांत झोपाळा असे. शिंक्याची दोरी बहुधा वाशाला वेढा घालून बांधलेली असे, खिळ्याला नव्हे. (शिंकें तुटलें आणि बोक्याचें फावलें, असें आपण म्हणतों, पण शिंकें बोक्याच्या दैवानें तुटत नाहीं, दोरी कुजल्यामुळें तुटतें.) झोपाळ्याचें उदाहरण तर फारच बोधप्रद आहे. चार माणसें बसून झोके घेतात तरी कडी ढळत नाहीं, याचें कारण काय? चांगल्या सुतारानें बसविलेल्या कडीचा दांडा तुळईच्या आरपार वर जातो, आणि वरच्या अंगास रुंद चकती व नट लावून पक्का केलेला असतो. त्यामुळें भार तुळईच्या माथ्यावर टेकतो. लांकूड दाबलें जातें, उपटलें जात नाहीं. जेथें जेथें शक्य असेल तेथें तेथें कुंडीची कडीही याच रीतीनें, आरपार किंवा वेढा घालून, बसवावी.

आरपार भोंक पाडणें शक्य नसेल तेव्हां आट्यांचा हूक वापरावा लागतो. त्याचीं पथ्यें सुतारास ठाऊक असतात, पण घाईंत तोही तीं पाळीत नाहीं. हुकाच्या आट्यांच्या आंतील भरीव दांड्याएवढें भोंक आधीं गिरमिटानें पाडावें. भोंक न पाडतां हूक रेटला तर लांकूड उभें चिरतें, आणि भोंक फार मोठें झालें तर आट्यांस पकडावयास कांहीं उरत नाहीं. आट्यांस थोडें मेण चोळल्यास हूक सुखानें आंत जातो. लांकडाच्या टोकास, जेथें करवतीचा आडवा छेद दिसतो, तेथें हूक कधींही बसवूं नये. तेथें रेषा आट्यांना समांतर असल्यामुळें पकड फार कमी असते. खालून वर बसविलेल्या हुकास वजन सरळ उपटूं पाहतें. त्यापेक्षां तुळईच्या बाजूस लोखंडी पट्टी आडव्या स्क्रूंनीं बसवून तिच्या टोकास कुंडी अडकवावी. मग वजनाला स्क्रू उपटतां येत नाहीं, तो मधोमध कापावा लागेल, आणि पोलाद कापणें कुंडीच्या आवांक्यांतलें नव्हे. अर्थात् हें सर्व लांकूड निरोगी असेल तर. आधीं तुळई हातोडीच्या दांड्यानें ठोकून पाहावी. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, मातीसारखा आवाज आला तर आंत वाळवी आहे असें समजावें.

भिंतीची गोष्ट निराळी. भिंतीचा जो भाग आपणांस दिसतो तो गिलावा, आणि गिलावा कांहींच धरीत नाहीं. हूक गिलाव्याच्या पलीकडे विटेंत किंवा दगडांत गेला पाहिजे, आणि तोही सांध्यांत न जातां विटेच्या अंगांत. जुन्या चुन्याच्या सांध्यांत तो सैल पडतो. कोंकणांतील जांभा सच्छिद्र असल्यामुळें त्यांत भोंकाची कड झडते. तेथें भोंक खोल घेऊन लांब दांडा सिमेंटांत बसवावा. देशावरील काळा दगड अशी खोडी करीत नाहीं, परंतु त्याला भोंक पाडणाराच घामाघूम होतो. मातीच्या भिंतीस कुंडी टांगूंच नये. शेजारीं लांकडी खांब असतो, त्याचा उपयोग करावा.

विटेंत किंवा दगडांत स्क्रूचे आटे आपण होऊन धरीत नाहींत. मध्यें कांहींतरी दबणारी वस्तु लागते. पूर्वीं त्यासाठीं लांकडाची खुंटी ठोकीत. इंग्लंडांत जॉन जोसेफ रॉलिंग्ज या गृहस्थानें १९११ च्या सुमारास तागाच्या तंतूंची नळी करून ती भोंकांत घालण्याची युक्ति काढली. स्क्रू आंत जातांना नळी फुगते व भोंकाच्या बाजूंवर घट्ट दाबून बसते. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमच्या भिंती न बिघडवितां त्यांवर विजेचें सामान बसवावयाचें होतें, त्या कामांतून ही कल्पना निघाली. आज आपण जिला गिट्टी म्हणतों ती प्लास्टिकची नळी तिचीच वंशज. गिट्टी भिंतींत उत्तम काम करते, कारण तेथें भार आडव्या स्क्रूवर खालीं दाबतो. छताच्या स्लॅबमध्यें मात्र तीच गिट्टी सरळ खालीं ओढली जाते आणि हळूहळू सरकते. तेथें फुगणारा धातूचा बोल्टच पाहिजे. ज्या स्लॅबचे पोपडे निघत आहेत, किंवा जेथें आंतील गंजलेली सळई दिसत आहे, तेथें कोणत्याही प्रकारचें भोंक पाडूं नये. छतांतून विजेच्या नळ्याही गेलेल्या असतात. हें काम मुलांनीं एकट्यानें करूं नये, जाणत्या माणसाकडून करवावें. पत्र्याच्या छपराखालीं टांगावयाचें असल्यास ओझें पत्र्यावर न घालतां खालच्या कैचीवर घालावें.

भिंतीपासून पुढें आलेलें ब्रॅकेट वापरतांना तरफेचा नियम आठवावा. समजा, कुंडी १२ किलोची आहे आणि ती भिंतीपासून २५ सेंटिमीटर पुढें टांगली आहे. ब्रॅकेटचें खालचें टोंक भिंतीवर टेकतें, आणि वरचा स्क्रू त्या टोंकापासून २० सेंटिमीटर उंच आहे. तर वरच्या स्क्रूस भिंतींतून बाहेर खेंचणारा जोर १२ गुणिलें २५ भागिलें २०, म्हणजे १५ किलोंच्या वजनाइतका होतो. हेंच ब्रॅकेट फक्त १० सेंटिमीटर उंच असेल तर जोर ३० किलोंचा होईल. कुंडी तीच, भिंत तीच, स्क्रू तोच. केवळ उंची निम्मी केल्यानें ओढा दुप्पट झाला. म्हणून नक्षीदार पण बुटक्या ब्रॅकेटपेक्षां साधें, उंच ब्रॅकेट बरें.

दोरी आणि सांखळी यांविषयीं लोकांचे अंदाज सर्वांत अधिक चुकतात, म्हणून येथें जरा थांबूं. टोपलीस तीन सांखळ्या असतात तेव्हां प्रत्येकीवर एक तृतीयांश वजन येतें असें आपण समजतों. सांखळ्या अगदीं उभ्या असतील तरच तें खरें. उभ्या रेषेशीं ३० अंशांचा कोन झाला तर ओढा सुमारें पंधरा टक्क्यांनीं वाढतो. ६० अंशांचा झाला तर दुप्पट होतो. याकरितां सांखळ्या आंखूड नसाव्या. याहून मोठी चूक घडते ती दोन खांबांमध्यें दोरी ताणून तिच्यावर कुंड्या टांगतांना. दोरीला झोळ दिसूं नये म्हणून लोक ती जितकी ताणवेल तितकी ताणतात. १० किलोची एक कुंडी मध्यभागीं टांगा. दोरी आडव्या रेषेशीं दोहोंकडे ३० अंश झुकली असेल तर प्रत्येक बाजूवर १० किलोंचा ओढा येईल. फक्त १० अंश झुकली असेल तर सुमारें २९ किलोंचा. आणि ५ अंश झुकली असेल तर सुमारें ५७ किलोंचा! दोरी जितकी सरळ तितकी खांबाची कडी धोक्यांत. कोणास विश्वास वाटत नसेल तर वर्गांतील दोन दणकट मुलांच्या हातीं एका दोरीचीं दोन टोंकें द्यावीं, मध्यें एखादा जाडजूड शब्दकोश टांगावा, आणि दोरी अगदीं सरळ करून दाखवा असें त्यांस सांगावें. त्यांचे चेहरे लाल होतील, पण शब्दकोशाजवळचा झोळ कांहीं जाणार नाहीं. कपडे वाळत घालण्याच्या दोरीस कुंड्या लावूं नयेत, हें पालकांसही सांगून ठेवितों.

उंचावरील कुंडीस पाणी घालणें सोपें व्हावें म्हणून कित्येक जण छतास कप्पी लावितात, दोरी तीवरून घेऊन भिंतीजवळच्या खुंटीस बांधतात, आणि पाहिजे तेव्हां कुंडी खालीं सोडतात. सोय उत्तम. परंतु स्थिर कप्पीनें ओझें हलकें होतें हा समज चुकीचा आहे. तिनें केवळ ओढण्याची दिशा बदलते. उलट, कुंडी एका बाजूनें १२ किलोंनीं खालीं ओढते आणि दुसऱ्या बाजूची दोरी, ती सरळ खालीं बांधली असेल तर, तितक्याच जोरानें खालीं ओढते; छताच्या कडीवर एकंदर २४ किलोंचा भार येतो. विहिरीच्या रहाटाचे खांब इतके भक्कम कां करतात, हें यावरून समजेल.

हुकाचा आकारही पाहावा. उघड्या तोंडाचा हूक घरांत ठीक. बागेंत वारा कुंडीस उचलून अलगद बाहेर काढतो. तेथें बंद कडी, किंवा हुकाच्या तोंडास तारेचा वेढा हवा. वारा कुंडीला गरगर फिरवितो, तेव्हां आट्यांचा हूकही तीबरोबर थोडा थोडा फिरून सैल होतो; मध्यें फिरकी घातली म्हणजे कुंडी फिरते, हूक फिरत नाहीं. लोखंडास जस्ताचा मुलामा असावा, कारण जस्त आधीं झिजतें आणि लोखंडास राखतें. अशा हुकास तांब्याची तार बांधूं नये. पाण्यांत दोन धातूंची गांठ पडली कीं जस्त फार लवकर खाल्लें जातें. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत स्टेनलेस स्टीलच घ्यावें. गंजलेलें लोखंड फुगतें, आणि भिंतींत गाडलेला हूक आंतल्या आंत फुगून गिलावा फोडतो. म्हणून हुकाभोंवतीं बारीक तडा दिसला तर तो रंगानें बुजवूं नये.

आतां फांदीविषयीं. जिवंत झाडास कुंडी टांगावयाची तर प्रथम झाड ओळखावें. शेवगा, गुलमोहर यांचें लांकूड ठिसूळ असतें, त्यांच्या वाटेस जाऊं नये. आंब्याची जाड, जिवंत फांदी चालते. पुष्कळ लोक झाडास इजा होऊं नये म्हणून खिळा न मारतां तारेचा वेढा घालतात, आणि त्यांतच झाडाचा घात होतो. सालीच्या लगेच आंत अन्नरस वाहून नेणारा थर असतो. फांदी वर्षावर्षास जाड होते, तार तशीच राहते, सालींत रुतते, आणि अन्नाची वाट सर्व बाजूंनीं कापली जाते. एक स्वच्छ, आट्यांची कडी लांकडांत बसविली तर झाड ती लहानशी जखम भरून काढतें. वेढा मात्र भरून काढतां येत नाहीं. वेढाच घालावयाचा असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुंद पट्टा घ्यावा आणि दरवर्षीं सैल करावा.

टांगण्यास सर्वांत योग्य झाड कोणतें असें मला कोणी विचारिलें तर मी सीतेच्या वेणीचें नांव घेईन. हें आमरी कुळांतील फूल सह्याद्रींतील झाडांच्या फांद्यांवर आपण होऊन वाढतें, आणि पावसाच्या तोंडावर त्याला गुलाबी-पांढऱ्या फुलांची लोंबती वेणी येते. आसामांत व अरुणाचलांत तें राज्यपुष्प मानलें जातें. त्याला माती लागतच नाहीं. मुळांवर पांढरें, स्पंजासारखें आवरण असतें, तें पावसाचें व दंवाचें पाणी शोषून घेतें. लांकडी पट्ट्यांच्या टोपलीत कोळशाचे व विटेचे तुकडे घालून रोप ठेविलें कीं झालें. मातीच्या टोपलीच्या मानानें ओझें किती कमी, हें ताणकाट्यावर पाहावें. मात्र तें रोपवाटिकेंतूनच आणावें. रानांतून ओरबाडून आणलेलें बहुधा जगत नाहीं, आणि रानही उघडें पडतें.

कुंडी टांगण्याची जागा वाटेवर, दारावर किंवा बांकावर नसावी. खालीं फुलांचा वाफा असावा, म्हणजे तेथून कोणी जात नाहीं आणि गळणारें पाणीही वायां जात नाहीं. खालीं बशी लावली असेल तर ती दर आठवड्यास ओतून, पुसून ठेवावी. डेंग्यू पसरविणारा एडिस डांस अशाच थोड्या, स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडीं घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डांस उडतात. उंचावरच्या बशीकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, हें त्यास सोयीचें पडतें.

नवी कडी बसविल्यावर लगेच कुंडी लावूं नये. भिजलेल्या कुंडीच्या दुप्पट वजनाची, रेतीनें भरलेली बादली लांब दोरीनें अशी टांगावी कीं तिचें बूड जमिनीपासून चार बोटेंच वर राहील, आणि ती एक दिवस व एक रात्र तशीच ठेवावी. पडली तरी कोणास कांहीं होणार नाहीं. त्यानंतर दरवर्षीं मे महिन्यांत, पाऊस येण्यापूर्वीं, सर्व कुंड्या खालीं उतरवून प्रत्येक कडी हातानें हलवून पाहावी. मधल्या काळांत केर काढणाऱ्यास एवढेंच सांगून ठेवावें कीं, कुंडीखालच्या फरशीवर विटेची तांबूस पूड किंवा लांकडाचा भुसा दिसला तर तो झाडून टाकण्यापूर्वीं आम्हांस दाखवा. तसा तो दिसला तर कुंडी त्याच दिवशीं खालीं घ्यावी. आणि जुन्या भोंकांत खपली घालून तोच हूक पुन्हां न ठोकतां, वीतभर अंतर सोडून नवें भोंक पाडावें.